हललेल्या पाण्याचे रंग

आंतरजालावर जुनी छायाचित्रे धुंडाळणाऱ्याच्या वाटेत बुखाऱ्याचा अमीर आलिम खान एकदा तरी येतोच. फुलाफुलांचा गर्द निळा रेशमी अंगरखा, कमरेला सोनेरी पट्टा, हाताशी तलवार, आणि चेहऱ्यावर सत्ता टिकणारच आहे अशी स्वस्थता. खाली साल असते १९११, आणि पाहणारा थबकतो. आपल्या मनातले १९११ कृष्णधवल असते. त्या काळची माणसे जणू करड्या उजेडातच जेवत-झोपत होती. मग साहजिकच वाटते, हल्ली सगळेच करतात तसे हेही कुणीतरी संगणकावर रंगवले असणार. इथेच फसगत होते. हा निळा रंग कुणी चढवलेला नाही. तो त्या दिवशी, त्या अंगरख्यावरून उठून काचेवर पोचला होता. टिपलेला रंग आणि रंगवलेला रंग पडद्यावर शेजारी आले की ओळखू येत नाहीत, आणि आजच्या चित्रशोधातली खरी अडचण मला हीच वाटते.

अमीराचे छायाचित्र टिपले सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की या रशियन रसायनतज्ज्ञाने. त्याची रीत ऐकायला सोपी, करायला जिकिरीची. एका लांबट काचेवर एकाखाली एक अशी तीन चित्रे घ्यायची: एक निळ्या काचेआडून, एक हिरव्या, एक लाल. तिन्ही प्लेटवर उमटतात काळी-पांढरीच. पण निळ्या काचेआडच्या चित्रात अंगरखा उजळ दिसतो आणि लाल काचेआडच्यात काळवंडतो. रंग असा फरकाच्या रूपाने साठवलेला असतो. पुढे तीन भिंगांच्या दिव्यातून तीच तीन चित्रे त्या-त्या रंगाच्या प्रकाशात पडद्यावर एकमेकांवर पाडली, की रंग परत येतो. तत्त्व जुने होते; जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६१ मध्येच ते दाखवले होते. प्रोकुदिन-गोर्स्कीने ते घेऊन साम्राज्य पालथे घातले. झार दुसऱ्या निकोलसच्या पाठबळाने, अंधारखोली असलेल्या खास रेल्वेडब्यातून तो १९०९ ते १९१५ या काळात हिंडला: मठ, कालवे, कारखाने, मध्य आशियातले बाजार. क्रांतीनंतर तो देश सोडून गेला आणि १९४४ मध्ये पॅरिसमध्ये वारला. त्याच्या वारसांकडून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९४८ मध्ये काचा विकत घेतल्या. तिन्ही चित्रे नीट जुळवून दाखवणे इतके कटकटीचे होते की पुढची पन्नासेक वर्षे हे रंग बहुतेकांच्या दृष्टीने नसल्यातच जमा होते. २००१ च्या प्रदर्शनासाठी काही निवडक काचा संगणकावर जुळवल्या गेल्या आणि २००४ मध्ये सगळ्या १,९०२.

आता यातले एखादे नदीचे चित्र मोठे करून पाहावे. काठावरचे घर, झाडे, दगड सगळे जागच्या जागी. पाण्यावर मात्र लाल, हिरव्या, निळ्या रेघांची झिलमिल. तिन्ही चित्रे एकाच क्षणी घेतलेली नाहीत, एकापाठोपाठ एक घेतलेली आहेत. तेवढ्यात लाट सरकली, आणि प्रत्येक रंगाला वेगळी लाट मिळाली. धूर, ढग, मान वळवलेले पोर, सगळ्यांचे हेच झाले आहे. जुन्या कॅलेंडरांवर लक्ष्मीच्या ओठांचा लाल रंग जरासा ओठांबाहेर सरकलेला असे, त्याच घरातला हा दोष. कॅलेंडरवर मात्र छापणाऱ्याचा हात सरकलेला असे. इथे जग सरकले आहे. या रेघा म्हणजे दोन-चार सेकंद प्रत्यक्ष वाहिल्याची खूण आहे, आणि रंग टिपलेला आहे याचा यापेक्षा बळकट पुरावा नाही. रंगवणारा कलाकार किंवा यंत्र नदीला कधी असे तिरपागडे रंग देणार नाही. ते शहाण्यासारखे तिला निळी करतील.

रंगवणाऱ्या यंत्रांचे नेमके हेच होते. काळ्या-पांढऱ्या छायाचित्रातल्या नऊवारीचा करडा रंग अंजिरी होता, हिरवा होता की जांभळा, हे त्या करड्यात उरलेलेच नसते. त्यातून जुन्या साध्या प्लेटना लाल रंग दिसतच नसे. कुंकू काळे उमटायचे आणि निळे आकाश पांढरेफटक. यंत्र असंख्य रंगीत छायाचित्रे पाहून शिकलेले असते, म्हणून अशा वेळी काय बहुधा असते एवढे ते सांगते, आणि चूक टाळायची तर मवाळ, मधला रंग बरा. हलत्या चित्रांतही तोच मामला. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंचे जे सहा चिमुकले चित्रपट दाखवले गेले, त्यांत आगगाडीचे आगमन होते. त्याच बंधूंनी ला सिओता स्थानकावर टिपलेली गाडी २०२० मध्ये आंतरजालावर चार-केच्या स्पष्टतेत, सेकंदाला साठ चौकटींच्या गतीने धावू लागली. मूळ चित्रणात सेकंदाला सुमारे सोळाच चौकटी. म्हणजे प्रत्येक सेकंदातल्या चव्वेचाळीसेक चौकटी अशा, ज्या कुठल्याही कॅमेऱ्याने कधी पाहिल्या नाहीत.

यावर कुणी म्हणेल, बिघडले काय? त्या गुळगुळीत गाडीमुळे शतकापूर्वीची बाई आपल्या शेजारणीसारखी चालताना दिसते; रंग चढवलेल्या फोटोत पणजी माणूस वाटते, तसबीर वाटत नाही. ही जवळीक खोटी नाही, आणि तिला नाके मुरडणाऱ्यांत मला बसायचे नाही. पण अंदाज दिसायला पुराव्याइतका नेटका असला की तो आठवणीत पुराव्याच्याच जागी जाऊन बसतो. पणजीचे लुगडे अंजिरी होते हे घरातल्या शेवटच्या म्हातारीला ठाऊक असते. फोटोत ते तपकिरी झाले आणि दहा ठिकाणी पुढे गेले, की पुढल्या पिढीत म्हातारीच चुकीची ठरते. अंदाज बांधायला हरकत नाही, त्याने अंदाजाच्याच कपड्यांत यावे.

दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा. अमीराचे जे चित्र आपण पाहतो तेही संगणकानेच जुळवलेले. प्रोकुदिन-गोर्स्कीला स्वतःला दिसले ते दिव्यातून भिंतीवर पडलेले, निराळ्याच उजळपणाचे. मग अस्सल ते कोणते? खरे सांगायचे तर तसे एकच एक चित्र नाही. किती लाल घ्यायचा, पिवळटपणा किती काढायचा, हे जुळवणाऱ्याने ठरवलेलेच असते. म्हणून तर ग्रंथालयाने रंगीत चित्राशेजारी तिन्ही करड्या चौकटींची मूळ प्रतिमाही मोकळी ठेवली आहे, ही गोष्ट मला रंगांपेक्षा मोलाची वाटते. कुणीही ती उतरवून घ्यावी, चौकटी एकमेकींवर सरकवाव्यात आणि जुळवणाऱ्याशी भांडावे. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत संगणकाला पाहायला शिकवणारे विद्यार्थी या काचा गृहपाठ म्हणून जुळवतात, आणि दोघांचे आकाश अगदी एकसारखे निघेलच असे नाही. रंगवलेल्या फोटोला असे उलटे जाता येत नाही, कारण मागे जाऊन पुन्हा तोच मुका करडा रंग हाती लागतो.

प्रोकुदिन-गोर्स्कीचे स्वतःचेही एक छायाचित्र या संग्रहात आहे. कॉकेशसमधल्या कारोलित्सखाली नावाच्या नदीकाठच्या खडकावर तो टोपी घालून बसला आहे. तीन चित्रे होईपर्यंत स्वस्थ बसायचे हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार. कोटाची कड कुठेही फिस्कटलेली नाही. पाठीमागून पाणी मात्र तीन रंगांत निघून चालले आहे.