अम्मीचं बुऱ्हाणपूर

भुसावळहून बुऱ्हाणपूर किती दूर? रेल्वेनं तासाभराची वाट. सावदा, निंभोरा, रावेर अशी स्टेशनं मागे पडतात, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात, आणि खानदेश कुठं संपला, निमाड कुठं सुरू झालं हे कळतही नाही. पण हा एवढासा तास काढायला आम्हाला पस्तीस वर्षं लागली.

बुऱ्हाणपूर आमचं आजोळ. नानी गेली, मामूंनी घर विकलं, मग जाणं सुटलं. अम्मी अधूनमधून म्हणायची, "एक बार बुऱ्हानपूर ले चल." आम्ही म्हणायचो, "पुढच्या सुटीत." गेल्या हिवाळ्यात अम्मी अल्लाहला प्यारी झाली. त्यानंतर एका सकाळी आम्ही एकटेच गाडीत बसलो. खिशात एका जुन्या वार्षिकातलं पान घडी घालून ठेवलेलं होतं. त्या पानाविषयी पुढं सांगतो.

स्टेशन गावापासून लांब, लालबागेच्या बाजूला. लहानपणी इथं उतरून "सिंधीपुरा" म्हटलं की टांगा थेट नानीच्या दारात जाऊन थांबायचा. आता रिक्षावाल्यानं "कहाँ जाओगे?" विचारलं, तर आमच्या तोंडून शब्दच फुटेना. शेवटी म्हटलं, "शाही किल्ला."

किल्ला तापीला खेटून उभा आहे. फारुकी घराण्यातल्या नासिरखानानं 15व्या शतकाच्या आरंभी हे शहर वसवलं आणि त्याला हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचं नाव दिलं. नदीपलीकडच्या जैनाबादला त्यांचे खलिफा हजरत जैनुद्दीन शिराझी यांचं नाव मिळालं. हे दोन्ही बुजुर्ग आपल्या खुलदाबादच्या मातीत विसावले आहेत. म्हणजे मध्य प्रदेशातल्या या शहराला नाव मिळालं ते आपल्या मराठवाड्यात. शाळेत असताना हे कुणी सांगितलं असतं, तर आजोळी जाताना छाती थोडी फुगवून गेलो असतो.

किल्ल्यातल्या हमामाच्या छतावर जुन्या चित्रकामाचे रंग अजून टिकून आहेत. ते पाहून आम्ही नदीकडच्या बाजूला जाऊन बसलो. मुमताज महलनं 1631 साली चौदाव्या बाळंतपणात याच शहरात डोळे मिटले. पलीकडे जैनाबादच्या बागेत तिला दफन केलं आणि सहा महिन्यांनी तिची मय्यत आग्र्याला नेली. लोक ताजमहाल पाहायला जातात. जिथं ती गेली त्या गावाची आठवण फारशी कुणी काढत नाही. अम्मीचं याच्या उलट झालं. जन्म या काठाचा, माती आमच्या गावची. माहेरची मूठभर मातीही तिच्या वाट्याला आली नाही.

राजघाटावर नदीच्या पात्रात तो दगडी हत्ती अजून आहे. पावसाळ्यात पाणी त्याच्या पोटाला लागलं की नानी आम्हाला नदीकडे फिरकू द्यायची नाही. त्या दिवशी मात्र हत्तीचे पाय उघडे होते आणि दोन पोरं त्याच्या पाठीवर बसून पाय हलवत होती.

जोहरच्या सुमारास जामा मशिदीत पोचलो. काळ्या दगडाची, कमानींच्या रांगांची ही मशीद आदिलशाह फारुकीनं, म्हणजेच राजा अली खानानं बांधली. लहानपणी हिच्या आवारात आम्ही कितीदा धावलो असू! पण भिंतींकडे कधी पाहिलं नव्हतं. नमाज झाली, लोक पांगले, तेव्हा किब्ल्याच्या भिंतीवरच्या कोरीव अक्षरांपाशी जाऊन उभे राहिलो. अरबी आहे, आणि तिच्या सोबतीनं संस्कृतही! मशिदीच्या आत, मिहराबच्या भिंतीवर.

एक वयस्क गृहस्थ तिथं चटया गोळा करत होते. म्हणाले, "ऊपर की अरबी हम पढ देते हैं मियाँ. वो नागरी हम को नहीं आती."

आम्ही म्हटलं, "ती आम्हाला थोडी येईल."

मराठी शाळेत शिकल्याबद्दल आम्ही याच शहरात टोमणे ऐकले होते. "लडके को मराठी पढा दी, अब ये हमारे काम का नहीं रहा," असं एक खालू भर दस्तरखानावर म्हणाले होते. अब्बांनी ऐकून घेतलं होतं. गावात जिल्हा परिषदेची एकच शाळा होती आणि ती मराठी होती, एवढंच त्यांचं कारण. आणि आज त्याच मराठीच्या जोरावर बुऱ्हाणपूरच्या मशिदीच्या भिंतीवरचं एकेक अक्षर आम्ही लावत होतो. अर्थ सगळा लागला नाही. पुस्तकात आधी वाचलेलं होतं ते कामी आलं. आरंभी सृष्टी निर्माण करणाऱ्याला वंदन, मग तो दिसत नाही पण सगळीकडे आहे असं त्याचं वर्णन, मग फारुकी राजांची वंशावळ, आणि काळ दिला आहे संवत 1646, शके 1511. म्हणजे 1590च्या सुमारास. पुढं 1601 मध्ये अकबरानं असीरगड घेतला आणि आपल्या विजयाचा लेखही याच मशिदीत कोरवला. पण बादशहाच्या त्या लेखापाशी आमचं मन रमलं नाही. ज्या राजानं आपली मशीद अरबी न येणाऱ्यालाही वाचता यावी असा विचार केला, त्याच्यापाशीच ते घुटमळत राहिलं.

त्यांनी अरबी वाचून दाखवलं, आम्ही नागरी. दोघं मिळून एक भिंत वाचून झाली. ते हसले, म्हणाले, "इतने बरस से झाडू मार रहे हैं यहाँ. आज सुना, इधर क्या लिखा है."

तेव्हा आम्ही खिशातलं पान काढलं.

अम्मीला उर्दू छान यायची. मराठी बोललेली सगळी कळायची, भाजीवालीशी ती अहिराणीतही भांडायची, पण नागरी लिपी तिला वाचता येत नव्हती. आमचं लिखाण छापून आलं की आम्ही अंक तिच्या हातात द्यायचो. ती विचारायची, "तेरा नाम कहाँ है?" आम्ही बोट ठेवून दाखवायचो. ती त्या जागेवरून हात फिरवायची आणि अंक कपाटात ठेवायची. ती गेल्यावर कपाट आवरताना तो सापडला. आमच्या लेखाच्या पानाच्या कडेला तिनं पेन्सिलीनं एक ओळ उर्दूत लिहिलेली होती.

आम्ही कुराण शरीफ वाचतो ते जेर-जबर लावलेलं. अम्मीचं ते घाईचं, बिननुक्त्याचं अक्षर आम्हाला लागेना. घरात कुणाला दाखवायचा धीर झाला नाही. आईचं अक्षर मुलाला वाचता येत नाही, हे कुणापुढं कबूल करायचं?

त्या गृहस्थांनी चष्मा लावला. पान उजेडाकडे धरलं. एकदा मनात वाचलं, मग आमच्याकडे पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाले, "लिक्खा है, 'ये मेरे बेटे का लिक्खा हुआ है. कोई पढ के सुना दे.'"

मशिदीत कबुतरांच्या पंखांचा तेवढा आवाज होता.

परतताना स्टेशनच्या वाटेवर कुंडी भंडारा पाहिला. अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात, 1615 साली झालेलं हे काम. 2024 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्याचं नाव गेलं. वर माळावर शंभराहून अधिक कुंड्या एकेकट्या दिसतात. खाली भुयारातून सातपुड्याचं झिरपलेलं पाणी एकीतून दुसरीत, आपल्या उतारानं वाहत राहतं. वरून वाकून पाहिलं. खोल, गार हवा तोंडावर आली. फार वेळ थांबवलं नाही. मगरीबच्या आत गाडी होती.

वाचकहो, अम्मीला आम्ही पुस्तकं दाखवली, अंक दाखवले, बक्षिसाची ढालही दाखवली. एक लेख मोठ्यानं वाचून दाखवायला पंधरा मिनिटं लागली असती. तिला वाचता येत नाही, एवढंच आम्ही लक्षात ठेवलं. ऐकता येतं, हे विसरलो. चारशे वर्षांपूर्वीच्या एका राजाला जे कळलं, ते मराठीत लिहिणाऱ्या आम्हाला घरातल्या घरात कळलं नाही.

आमची सून उर्दू माध्यमात शिकलेली आहे. तिलाही नागरी वाचायला जड जातं. हे आम्हाला ठाऊक होतं, पण त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं. हा लेख पाठवण्याआधी परवा संध्याकाळी आम्ही ओसरीवर बसून तो मोठ्यानं वाचायला घेतला. समोर कुणी नव्हतं. दगडी हत्तीपर्यंत आलो, तेव्हा चहा आला आणि आम्ही थांबलो.

सून कप ठेवून दारातच उभी राहिली. म्हणाली, "अब्बा, आगे?"