वसीम जाफरचं न घेतलेलं मानधन

शिर्डी,
३ जुलै २०२५

चि. बाळ,


तुझा निरोप फोनवर वाचला. दोन ओळींत उत्तर देण्याजोगा तो नव्हता, म्हणून सवडीने लिहिते आहे. तुमच्या क्लबात सदतीस वर्षांचा एक खेळाडू आला. आधीच्या संघात मिळणारं मानधन सोडून, एक पैसा न घेता आला. यंदा तुमचा संघ जिंकण्याच्या तोडीचा आहे म्हणूनच आला, असं तुझं म्हणणं, आणि ‘आयत्या बिळावर नागोबा’ म्हणून तू मोकळा झालास. तेवढ्यावर न थांबता अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या साऱ्या ज्येष्ठ खेळाडूंनाही त्याच माळेत ओवलंस. जुलै लागला की तिकडे नवे करार होऊ लागतात, पस्तिशी ओलांडलेला कुणीतरी नामवंत मोठा पगार सोडून बलाढ्य संघात जातो आणि तुझा संताप होतो. तू शाळेत होतास तेव्हापासून मी हे बघते आहे.

तुझा राग खोटा नाही. ज्या पोरांनी हरत हरत हा संघ उभा केला, त्यांच्यातला एक जण आता बाकावर बसणार, हे तुला दिसतंय. पण माणूस पुरता बघायच्या आधीच तू निकाल दिलास, आणि तो मला पटलेला नाही.

तुझा सर्वांत नावडता खेळाडू आधी घेऊ. कार्ल मलोन. युटा जॅझकडून अठरा हंगाम खेळला. १९९७ आणि १९९८, लागोपाठ दोन अंतिम फेऱ्यांत शिकागो बुल्सकडून, म्हणजे जॉर्डनच्या संघाकडून हरला. २००३ च्या जुलैत, चाळिशी गाठताना, तो लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेला. युटाकडे त्याला वर्षाला १ कोटी ९० लाख डॉलरच्या वर मिळत होते, लेकर्सकडे त्याने १५ लाख घेतले. पुढे काय झालं ते तुला पाठ आहे. गुडघा दुखावला, जवळजवळ अर्धा हंगाम हुकला, आणि २००४ च्या अंतिम फेरीत डेट्रॉइट पिस्टन्सने लेकर्सना ४-१ असं हरवलं. शेवटच्या सामन्यात तो त्याच गुडघ्यापायी मैदानात उतरूही शकला नाही. त्यानंतर तो एनबीएत खेळला नाही. तू म्हणतोस, चांगली अद्दल घडली. अद्दल कसली? एवढे पैसे सोडून, चार मोठी नावं एका संघात असूनही चषक मिळाला नाही, यावरून एकच कळतं की ते बीळ आयतं नव्हतं. कुठलंच नसतं. चाळिसाव्या वर्षी रोज सकाळी बर्फाने गुडघे शेकून सरावाला जाणाऱ्याला मी ऐतखाऊ म्हणणार नाही.

डेव्हिड वेस्टचं बघ. दोनदा ऑल-स्टार झालेला माणूस. २०१५ मध्ये इंडियाना पेसर्सकडे पुढच्या वर्षाचे १ कोटी २६ लाख डॉलर नक्की असताना ते सोडून सॅन अँटोनिओ स्पर्सकडे साधारण १४ लाखांत गेला. त्या वर्षी स्पर्स दुसऱ्याच फेरीत बाद झाले. मग तो गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे गेला आणि २०१७, २०१८ अशी दोन विजेतेपदं त्याला मिळाली. पण मिळाली कशी? अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामन्यात बारा-चौदा मिनिटं खेळून. एके काळी ज्याच्याभोवती संघ फिरायचा, तो आता तरुण दमले की त्यांना दम खाऊ द्यायला उठायचा. पगार कमी करणं एक वेळ सोपं, हे अवघड. टिम डंकनने तर घरही बदललं नाही. २०१२ साली स्पर्सबरोबर नवा करार करताना त्याने आपला पगार जवळजवळ निम्म्यावर आणला, संघाला बाकीची माणसं राखता आली, आणि २०१४ मध्ये मायामीला हरवून ते जिंकले. त्याच्यावर कुणी चिडत नाही. तूही नाही.

यात जो पैशांचा हिशेब आहे, तो तू सोडून देतोस. एनबीएत प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते. तिला फटी आहेत, तरी मर्यादा आहेच. ज्या संघात दोन-तीन तारे आहेत त्याची बहुतेक रक्कम त्यांच्यातच संपते. उरलेल्या जागा भरायला त्या संघाच्या हातात किमान वेतनच उरतं. म्हणजे जिंकणाऱ्या संघात जायचं तर ज्येष्ठ खेळाडूला बहुधा तेवढ्यावरच जावं लागतं. शिवाय हे किमान वेतन अनुभवाबरोबर वाढत जातं, आणि जुन्या खेळाडूला महाग म्हणून कुणी टाळू नये यासाठी एक वर्षाच्या अशा करारातला काही भाग लीगच भरते. खेळाडूंच्या संघटनेने भांडून, बोलणी करून बसवलेली घडी आहे ही. तेव्हा कमी पगार म्हणजे थोर त्याग असं मीही म्हणत नाही. त्याग आहे की नाही, हे करारावरून कळतच नाही, एवढंच माझं म्हणणं.

आता आपल्या मुलखात ये. शिर्डीहून लोणी गाठलं की तिथून आश्वी जवळच. संगमनेर तालुक्यातलं, प्रवरेकाठचं गाव. अजिंक्य रहाणेचा जन्म १९८८ चा, याच आश्वी खुर्दचा. वाढला डोंबिवलीत, पण आपल्या भागात त्याला अजून गावचाच मानतात, आणि मीही मानते. २०१८ च्या आयपीएल लिलावात राजस्थान रॉयल्सने त्याला ४ कोटींना ठेवून घेतलं होतं. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला शतक आणि मग जानेवारी २०२१ मध्ये मालिका जिंकून देणारा कर्णधार तो हाच. वर्षभरात कसोटी संघातली जागा गेली. २०२२ मध्ये कोलकात्याने त्याला १ कोटीत घेतलं, आणि त्या वर्षाअखेरीच्या कोचीच्या लिलावात त्याने आपली पायाभूत किंमत ५० लाख लावली. देशाकडून खेळलेल्यांसाठी ती सर्वांत खालची पायरी. चेन्नई सुपर किंग्जने हात वर केला, दुसऱ्या कुणी केला नाही. मार्च २०२३ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाच्या करारयादीतूनही नाव गेलं.

पुढचं तू पाहिलंस, तरी मला लिहावंसं वाटतंय. एप्रिलमध्ये वानखेडेवर मोईन अली आजारी पडला म्हणून ऐन वेळी रहाणेला सांगितलं, तू खेळतोयस. मुंबईविरुद्ध २७ चेंडूंत ६१. दोन आठवड्यांनी ईडन गार्डन्सवर, ज्यांनी त्याला सोडलं होतं त्या कोलकात्याविरुद्ध २९ चेंडूंत नाबाद ७१. मे महिन्याच्या शेवटी अहमदाबादला पावसाने लांबलेल्या अंतिम सामन्यात १३ चेंडूंत २७. शेवटच्या दोन चेंडूंवर जडेजाचा षटकार आणि चौकार सगळ्यांना आठवतो, तो आठवावाच, पण पंधरा षटकांत १७१ करायचे असताना मधल्या त्या २७ धावा कुणीतरी काढायला हव्याच होत्या. पुण्याकडून, दिल्लीकडून खेळताना अंतिम फेरीत हरलेल्या रहाणेला वयाच्या चौतिसाव्या वर्षी आयपीएल मिळाली ती अशी.

हे मात्र तुझ्या एनबीएसारखं नाही. लिलावात खेळाडूला किंमत ठरवता येते, घर निवडता येत नाही. तेव्हा ५० लाख लावताना रहाणे चषकामागे धावत होता असं म्हणता येणार नाही. कुणीतरी खेळायला घ्या, एवढंच तो म्हणत होता. चषक त्याच्या खेळाने आला.

ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं तो खेळाडू मात्र वसीम जाफर. अमेरिकेतल्या कुणाहीपेक्षा मला तो या बाबतीत मोठा वाटतो.

मुंबईकडून आठ रणजी विजेतेपदं, त्यातली दोन कर्णधार म्हणून. ३१ कसोटी. २०१५ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, तो मुंबई सोडून विदर्भाकडे गेला. म्हणजे उलट्या दिशेने. मुंबईकडे तेव्हा चाळीस रणजी चषक होते, विदर्भाकडे एकही नव्हता, आणि विदर्भ १९५७ पासून रणजी खेळत होता. बाहेरून आलेला व्यावसायिक खेळाडू म्हणून त्याचा करार झाला. २०१६-१७ च्या हंगामात तो दुखापतीमुळे खेळूच शकला नाही. तरी विदर्भ क्रिकेट संघटनेने ठरलेले सगळे पैसे वेळच्या वेळी दिले. पुढच्या हंगामात खेळशील का, असं विचारल्यावर जाफरने सांगितलं, खेळेन, पण मानधन घेणार नाही. न खेळता पैसे मिळाले होते, आता पैसे न घेता खेळायचं. झाला हिशेब चुकता.

त्या हंगामात चंद्रकांत पंडित प्रशिक्षक होते आणि फैज फझल कर्णधार. मुंबईला दोनदा चषक मिळवून दिलेला माणूस आपल्याहून सात वर्षांनी लहान कर्णधाराच्या हाताखाली तिसऱ्या क्रमांकावर खेळायला उतरायचा. उपांत्य सामन्यात कर्नाटकविरुद्ध कोलकात्यात विदर्भ पाच धावांनी जिंकला, पाचच. रजनीश गुरबानीने दुसऱ्या डावात सात बळी घेतले. मग इंदूरला दिल्लीविरुद्ध अंतिम सामना. गुरबानीची हॅटट्रिक, जाफरच्या ७८, आणि अक्षय वाडकर नावाच्या तेवीस वर्षांच्या यष्टिरक्षकाच्या १३३. रणजीच्या अंतिम सामन्यात विदर्भाच्या खेळाडूचं ते पहिलं शतक. १ जानेवारी २०१८ ला विजयाची धाव जाफरच्याच बॅटीतून निघाली. साठ वर्षांनी पहिला चषक, आणि तो मिळवून देणाऱ्यांतला एक जण फुकट खेळत होता.

तो तिथेच थांबला असता तरी चाललं असतं. त्याच वर्षी इराणी चषकात शेष भारताविरुद्ध त्याने २८६ केल्या. २०१८-१९ मध्ये, चाळिशीत, हंगामात १०३७ धावा, आणि विदर्भाने सौराष्ट्राला हरवून रणजी राखली. जाफरची ती दहावी. चषकाची हाव म्हणशील तर ज्याच्याकडे आठ होत्या त्याला नववीची कसली हाव?

आमच्याकडे गुरुपौर्णिमा आठवड्यावर आली आहे, पालख्या येऊ लागल्या आहेत. उत्सवात सुटी काढून सेवेला येणारी माणसं मी वर्षानुवर्षं बघते. कुणी बँकेत मोठ्या हुद्द्यावर असतो, कुणाचा स्वतःचा कारखाना असतो. त्यांतला कुणी प्रसादालयात खरकटी ताटं गोळा करायला सांगितलं तर पदर खोचून किंवा बाह्या सरसावून कामाला लागतो, आणि एखाद्याला समाधी मंदिराजवळचंच काम हवं असतं. पैसे दोघांनाही मिळत नाहीत. जाफर पहिल्यातला. तुमच्या क्लबात आलेला कुठला, हे तुला अजून माहीत नाही.

एक गोष्ट मात्र ठासून लिहिते, कारण जाफरचं नाव उद्या कुणीतरी चुकीच्या जागी वापरेल. पैसे सोडण्याची ऐपत ज्याने आधी कमावली त्यानेच ते सोडावेत. मी ज्या मुलींना बास्केटबॉल शिकवला, त्यांतल्या कितीतरी जणी जिल्ह्याबाहेर सामन्याला जाताना एसटीच्या भाड्यासाठी घरच्यांच्या हातापाया पडायच्या. बावीस वर्षांच्या पोराला किंवा पोरीला ‘देशासाठी, संघासाठी फुकट खेळा’ असं जो आयोजक सांगतो, त्याला जाफरचा दाखला द्यायचा काहीएक अधिकार नाही. तुमच्या क्लबानेही तसं केलं, म्हातारा फुकट खेळतोय मग तुम्हीही खेळा असं तरुणांना ऐकवलं, तर तुझा राग योग्य ठरेल. पण तो क्लबावर काढ, त्या खेळाडूवर नको.

आणि जाफरनंतर विदर्भाचं काय झालं तेही बघ. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर रणजीचा अंतिम सामना झाला. मुंबईचा कर्णधार आपला अजिंक्य, विदर्भाचा कर्णधार तोच अक्षय वाडकर. ५३८ चा डोंगर समोर असताना वाडकरने शतक काढलं. विदर्भ हरला, पण पाचव्या दिवशी उपाहारापर्यंत मुंबईला विकेट मिळू दिली नाही. या वर्षी मार्चमध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भाने तिसरी रणजी जिंकली, कर्णधार पुन्हा वाडकर. त्या संघातही करुण नायर बाहेरून आलेला. कर्नाटकने जागा दिली नाही म्हणून आलेल्या या माणसाने अंतिम सामन्यात १३५ केल्या. त्याला नागपुरात कुणी नागोबा म्हटल्याचं माझ्या कानावर नाही.

तेव्हा महिनाभर त्या सदतीस वर्षांच्या माणसाकडे नीट लक्ष दे. सरावाला तो किती वाजता येतो. उशिरा येणाऱ्या पोरांना तो बोलतो की प्रशिक्षकाला बोलू देतो. त्याला बाहेर काढून तुमच्यातल्या एकाला आत घेतलं की बाकावर बसून तो काय करतो, टॉवेलात तोंड घालतो की आतल्याला ओरडून जागा दाखवतो. बाद झालेल्या मुलाशी तो दोन शब्द बोलला का. हे मला कळव, मग त्याला काय म्हणायचं ते आपण दोघं मिळून ठरवू.

दादाला आणि वहिनीला नमस्कार सांग. पावसात सिमेंटच्या मैदानावर खेळू नकोस, मागच्या खेपेचा घोटा अजून पूर्ण बरा नाही.

तुझी,
आत्या