चौथ्या मजल्यावरच्या वहिनी

ज्यांनी अडीअडचणीला पैसे दिले, त्यांचे पैसे मी वेळेवर परत केले. आमच्या सोसायटीतल्या चौथ्या मजल्यावरच्या वहिनींचं देणं मात्र परत करण्यासारखं नाही. त्यांनी मला मेडिक्लेमचं पत्र वाचायला शिकवलं.

पत्नीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही दोघंही सत्तरीच्या पुढे होतो. कॅशलेसमधून न मिळालेली रक्कम भरून आम्ही तिला घरी आणलं. सोबत टीपीएचं, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेचं, सेटलमेंट लेटर होतं. बिल, मंजूर रक्कम आणि वजावटी असे रकाने. कारणांच्या जागी तुटक इंग्रजी आणि कलमांचे आकडे. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, पण हे आकडे कशातून आले ते उलगडेना.

वहिनी सरकारी विमा कंपनीच्या क्लेम खात्यातून निवृत्त झालेल्या. पत्र हातात घेताच म्हणाल्या, "भाऊ, नुसतं हे वाचून काही कळायचं नाही. बिल आणि पॉलिसी घेऊन या. तिन्ही शेजारी ठेवायची आणि एकेक ओळ जुळवायची."

संध्याकाळी त्या पेन्सिल घेऊन बसत. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई होत्या. मध्येच वर जाऊन त्यांना कुशीवर वळवून येत आणि सोडलेल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करत. एवढा व्याप असताना शेजाऱ्याच्या कागदांसाठी कोण वेळ काढतं?

हातमोजे, नोंदणी फी अशा वजावटींपुढे त्यांनी बरोबरची खूण केली. "हे आपल्या पॉलिसीत मिळत नाही. यासाठी भांडू नका." मग आल्या खोलीच्या भाड्यावर. आमचा विमा पाच लाखांचा, भाड्याची मर्यादा त्याच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला 5,000 रुपये. स्वस्तातली खोली रिकामी नसल्याने आम्हाला मिळाली होती 8,000 ची. भाड्यातले वरचे तीन हजार कापले गेले हे मला समजत होतं. सर्जनच्या 80,000 चे 50,000 का झाले, हे त्यांनी सांगितलं. खोली मर्यादेपेक्षा महाग असली, की डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर यांसारखे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. पाचास आठ. त्रैराशिकच ते!

पण गुडघ्याच्या इम्प्लांटच्या ओळीवर त्यांची पेन्सिल थांबली. 64,000 चे 40,000 केले होते. "हे चालायचं नाही," त्या म्हणाल्या. विमा नियामक आयआरडीएआयने 2020 मध्येच स्पष्ट केलं आहे, की औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. आयसीयूच्या भाड्यालाही नाही.

तक्रारीचं पत्र तुम्हीच लिहून द्या, असं मी म्हटलं. त्यांनी ठाम नकार दिला. "तुम्ही लिहा, मी तपासते. म्हणजे पुढच्या वेळी कुणाची वाट बघावी लागणार नाही." मी लिहिलं, त्यांनी दोन वाक्यं खोडली, आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे ते गेलं. 24,000 रुपये खात्यात जमा झाले. पेन्शनवरच्या घरात ही रक्कम मोठी असते. पण मला त्याहून मोठी वाटते ती त्यांच्या नकारामागची माया.

वहिनी आता मुलीकडे नागपूरला असतात. सोसायटीतले माझ्या वयाचे लोक हल्ली आपापली पत्रं घेऊन माझ्याकडे येतात, आणि मी आधी पॉलिसी मागतो.

वाचकहो, घरात असं पत्र आलं तर फायलीत टाकून देऊ नका. वजावटीचं कारण लेखी मागा आणि ते पटलं नाही, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत मात्र अर्ज करायला हवा.