काळी पाच

24 जून
जॅझच्या वर्गात सत्राच्या शेवटी स्वतःची रचना द्यायची आहे. ट्रम्पेट, आल्टो सॅक्सोफोन, पियानो, बास, ड्रम्स. पाच जणांसाठी 32 बार.

सरांनी आज ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं 1959 सालचं ‘सो व्हॉट’ फळ्यावर मांडलं. पहिले सोळा बार पेटीच्या पांढरी दोनवरचा डोरियन, पुढचे आठ काळी दोनवर, शेवटचे आठ पुन्हा पांढरी दोनवर. डोरियन म्हणजे आपला काफी थाट: गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. आमच्या खारी गावच्या भजनात मी दहा वर्षं पेटी धरली आहे, त्यामुळे हे स्वर घरचेच. पण सोळा बार झाले की इथे सा-च उचलून अर्ध्या स्वराने वर ठेवतात. आपल्याकडे मैफल पहाटेपर्यंत चालली तरी तानपुऱ्याचा सा जागचा हलत नाही. इथे तो हलतो, आणि रचनेत घडतं ते एवढंच. परतताना गाडीत दोन्ही सा आळीपाळीने गुणगुणत होतो. बोरिवली गेली तरी पहिला नीट परत सापडला नव्हता.

8 जुलै
पहिली तालीम. चौथ्या बारला थांबवावी लागली.

ट्रम्पेट आणि सॅक्सच्या कागदांवरही मी पियानोचेच स्वर उतरवले होते. ट्रम्पेटवर लिहिलेला सा एक स्वर खाली वाजतो, आल्टोवर तर लिहिलेल्यापेक्षा मोठा षष्ठ खाली. म्हणजे पियानोचा सा हवा असेल तर ट्रम्पेटला रे लिहायचा आणि आल्टोला शुद्ध ध. वहीत हे सगळं आहे, मीच लिहिलेलं. पियानो पांढरी एकला, ट्रम्पेट काळी पाचला, सॅक्स काळी दोनला, तिघं एकाच वेळी. सॅक्सवाली मुलगी काही बोलली नाही. तिने पेन्सिल काढली आणि पहिली ओळ स्वतः उतरवून घेतली. मला खूप लागलं ते.

9 जुलै
आषाढात लग्नं नाहीत, म्हणून शेजारचे काका घरी आहेत. एरवी हळदीच्या दिवसांत ते रात्री सापडतच नाहीत. गावातल्या कितीतरी मांडवांत त्यांचा ट्रम्पेट वाजला आहे. पाश्चात्त्य स्वरलिपी त्यांना येत नाही, सगळं कानावर.

कालचं सांगितलं. ते म्हणाले, “माझा सा काली पाच. एक कल दाबायची नाय, फुंकला की तोच.” एवढंच. वर्गात तक्ता पाठ केला होता, पण तो सा नळीच्या लांबीतच बसलेला आहे हे आज कळलं.

मग मी माझी ओळ पेटीवर वाजवून दाखवली. त्यांनी वाजवायला घेतली, सहाव्या बारला थांबले. “हितं दम कुठं घेऊ?” आठ बार, एकही विराम नाही. लय मिनिटाला 80, म्हणजे सलग चोवीस सेकंद, त्यात निम्मी ओळ वरच्या सप्तकात. “वाजवनारा मानूस हाय, पेटी नाय,” ते म्हणाले. माझी पेटी भात्यावर चालते, त्यामुळे दम संपतो ही गोष्टच माझ्या बोटांना माहीत नव्हती.

21 जुलै
दिवसभर पाऊस. संगीतकार सी. रामचंद्रांची गाणी लावून बसलो. पुणतांब्याचा हा माणूस, आणि त्यांचे साहाय्यक चिक चॉकलेट, म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या ताज हॉटेलात बँड वाजवणारे ट्रम्पेटवादक. 1951 च्या ‘अलबेला’त ते पडद्यावरही दिसतात. आज वहीत गाणी नाही, फक्त ट्रम्पेटच्या विश्रांतीच्या जागा टिपल्या. गायकाची ओळ संपते तिथे दोन-चार स्वरांत उत्तर, आणि मग गप्प. ट्रम्पेट किती कमी वाजतो! तरी लक्षात तोच राहतो.

मुंबईतला जॅझ म्हटलं की हॉटेलं आणि परदेशी पाहुणेच आठवले जातात, हे मला पटत नाही. गोव्याच्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेली ही माणसं सिनेमाच्या स्टुडिओत बसून प्रत्येक वाद्याचे सुटे कागद लिहीत होती. मी जे शिकायला लोकलने रोज जातो, ते काम हिंदी-मराठी गाण्यांच्या पोटात सत्तर वर्षांपूर्वी झालेलं आहे.

2 ऑगस्ट
आज वर्गात जॅझ रचनाकार ड्यूक एलिंग्टन. 1963 मध्ये ते वाद्यवृंद घेऊन भारतातही येऊन गेले. सरांचा रोख मात्र दुसरीकडे होता. एलिंग्टनच्या सुट्या कागदांवर वाद्याचं नाव नसे, वादकाचं असे. 1940 ची ‘कन्चेर्टो फॉर कूटी’ ही रचना तर कूटी विल्यम्स या एकाच माणसाच्या ट्रम्पेटसाठी. त्याच्या आवाजाच्या किती छटा निघतात हे एलिंग्टनना माहीत होतं, म्हणून तशी लिहिली.

घरी येऊन ट्रम्पेटची ओळ नव्याने लिहिली. वरचं सप्तक फक्त शेवटच्या दोन बारना. दर दुसऱ्या बारनंतर श्वास. रिकाम्या झालेल्या जागांत सॅक्स आपोआप आली, मला तिच्यासाठी वेगळं काही सुचवावं लागलं नाही.

17 ऑगस्ट
तालीम नीट झाली. सॅक्सच्या मुलीने शेवटी पेन्सिल काढली, ती फक्त आपल्या श्वासाच्या खुणा करायला.

काकांना पुढच्या आठवड्यापासून गणपतीच्या तालमी आहेत, त्याआधी त्यांना माझी ओळ एकदा वाजवून बघायची आहे. त्यांच्यासाठी वेगळी प्रत केली. पाच रेघा नाहीत, सारेगम, काळी पाचचा सा धरून. श्वासाच्या जागी मोठा स्वल्पविराम. मधले आठ बार कोरे. तिथे स्वर नाहीत, फक्त “काफी” लिहिलं आहे.

पानाच्या डोक्यावर सवयीने “ट्रम्पेट” लिहून गेलो होतो. ते खोडलं आणि “काका” लिहिलं.