बौद्ध देशातला नाताळ आणि आपला २५ डिसेंबर

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की आपल्या वॉट्सॲप ग्रुपवर एक वाद ठरलेला असतो. कुणीतरी 'मेरी ख्रिसमस' लिहितो, दुसरा त्याला लगेच बावीस प्रतिज्ञांची आठवण करून देतो, तिसरा विचारतो, मनुस्मृती दहन दिनी सांताक्लॉजचे चित्र कशासाठी? अशा वेळी आम्हाला थायलंड आठवतो. ईशान्य थायलंडमधील खोन केन प्रांतात एका शाळेत आम्ही दोन वर्षे इंग्रजी शिकवले आणि तिथले दोन्ही नाताळ साजरे केले.

थायलंडमध्ये २५ डिसेंबरला सुट्टी नसते. फळ्यावर तारखेपुढे लिहायचा सनही बौद्ध संवताचा. २०१८ ऐवजी २५६१. सकाळी आठला झेंडा चढतो, राष्ट्रगीत होते आणि मग सगळी शाळा हात जोडून पाली वंदना म्हणते. उच्चार थाई, पण शब्द आपल्या विहारातले. पहिल्यांदा ते ऐकताना आमचा गळा दाटून आला होता. नाताळच्या दिवशीही वंदना तशीच झाली, फक्त अर्ध्या पोरांच्या डोक्यावर लाल टोप्या होत्या. वंदना संपली आणि लगेच कर्ण्यावर नाताळची गाणी सुरू. धम्म बुडाला असे कुणालाही वाटले नाही. त्यांच्या लेखी ख्रिसमस हा इंग्रजी विषयाचा एक धडा: गाणी, भेटकार्डे, गोळ्या-चॉकलेट.

आक्षेप घ्यायचाच तर तो वेगळ्या जागी घेतला पाहिजे. सांता कोण होणार हे न विचारताच ठरलेले असायचे: गोरा शिक्षक. तो पूर्व युरोपातला, इंग्रजी त्याचीही मातृभाषा नव्हती, चर्चमध्ये तो कधी जातही नव्हता. पण चेहरा शाळेच्या जाहिरातीत शोभणारा होता! आम्ही झाडाला कागदी चांदण्या चिकटवायच्या आणि पोरांच्या रांगा लावायच्या. पगाराचाही हिशेब तोच. 'नेटिव्ह स्पीकर' हा शब्द तिथे भाषेपेक्षा पासपोर्ट आणि कातडीकडे जास्त बघतो. गंमत अशी की याच भागातल्या लोकांना बँकॉकवाले सावळे आणि गावंढळ म्हणून हिणवतात. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती आम्ही एम.ए.ला पुस्तकात वाचली होती. तिथे ती शिक्षकांच्या खोलीत पाहिली.

त्या दिवशी वर्गात प्रश्न आला, "टीचर, तुमच्याकडे ख्रिसमस असतो का?" आम्ही सांगितले, सरकारी सुट्टी असते, पण आमचे लोक त्या दिवशी महाडची आठवण काढतात. २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तिथे एक पुस्तक जाळले गेले. पुस्तक जाळले? मुले चमकली. आमची अवघड वाक्ये थाईत सांगणाऱ्या बाई तर गप्पच झाल्या. त्या देशात पुस्तकाला पाय लावत नाहीत, शिक्षकांना वंदन करण्याचा दरवर्षी मोठा समारंभ होतो. शिक्षकानेच पुस्तक जाळल्याचे कौतुक सांगावे, हे त्यांच्या पचनी कसे पडावे? मग त्या पुस्तकात काय आहे ते आम्ही सोप्या इंग्रजीत फळ्यावर लिहिले. काही माणसांनी गावाबाहेर राहावे. मेलेल्यांचे कपडे घालावेत. बाईने लहानपणी बापाच्या, लग्नानंतर नवऱ्याच्या आणि म्हातारपणी मुलाच्या ताब्यात राहावे. शेवटच्या ओळीवर मुली कुजबुजल्या. बाईंनी ती ओळ थाईत दोनदा सांगितली. एक मुलगी म्हणाली, "माझा भाऊ सुट्टीत श्रामणेर झाला, आईला पुण्य मिळाले. मला होता येत नाही."

तिचे म्हणणे खरे होते. थायलंडच्या संघराजांनी १९२८ च्या जूनमध्ये, म्हणजे महाडच्या त्या आगीनंतर सहा महिन्यांच्या आत, स्त्रियांना दीक्षा देण्यास भिक्खूंना मनाई केली. तो आदेश अजून मागे घेतलेला नाही. धम्मानंदा भिक्खुनींना दीक्षेसाठी श्रीलंकेला जावे लागले. बौद्ध देश म्हटला की तिथे समता आपोआप असणार, असे आपल्यातल्या अनेकांना वाटते. त्यांनी त्या मुलीला उत्तर द्यावे.

म्हणून ग्रुपवरचा वाद आम्हाला उथळ वाटतो. नाताळच्या शुभेच्छा देऊ नका असे बावीस प्रतिज्ञांत कुठेही नाही. येशूची पूजा करणे वेगळे आणि ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरी केक खाणे वेगळे. महात्मा फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, हे आपणच भाषणांत सांगतो ना? महाडला परिषदेच्या मांडवासाठी जागा दिली ती फत्तेखान यांनी आणि दहनाचा ठराव मांडला सहस्रबुद्धे यांनी. मग आपल्या २५ डिसेंबरला कुंपण कशाला? लाल टोपीवर भांडणाऱ्यांपैकी किती जण त्या दिवशी वस्तीतल्या मुलींना बसवून मनुस्मृतीत काय लिहिले आहे ते सांगतात?

शिकवायला परदेशी जाणाऱ्या तरुणांनो, टोपी खुशाल घाला, गाणी म्हणा. "तुमच्याकडे ख्रिसमस असतो का" हा प्रश्न येणारच, त्याचे उत्तर तयार ठेवून जा. आणि सांता कोण होणार, हेही बैठकीत विचारा. दुसऱ्या वर्षी आम्ही विचारले होते. सावळा सांता मुलांना ओळखू येणार नाही, असे उत्तर मिळाले. मुले तर मधल्या सुट्टीत आळीपाळीने कापसाची दाढी लावून एकमेकांनाच सांता करत होती.

जय भीम!