दुधाचं चीज

गेल्या उन्हाळ्यात मी एका इंग्रजी पाकपुस्तकाचं मराठी करत होते. त्यातली एक पाककृती सांगायला अगदी सोपी आहे. जाडसर पोळी जाळीवर भाजायची, तिच्यावर ताजं मऊ चीज पसरायचं, वर पीचच्या भाजलेल्या फोडी मांडायच्या, मधाची धार आणि थोडी मिरपूड. करायला तासभर पुरतो. मराठीत आणायला मला तीन आठवडे लागले.

पहिली अडचण ‘फ्लॅटब्रेड’ या शब्दाची. मराठीत याला प्रतिशब्द नाही, कारण त्याची कधी गरजच पडली नाही. ज्यांचा ब्रेड फुगतो त्यांना न फुगणारा ब्रेड वेगळा सांगावा लागतो. आपल्याकडे उलट आहे. पोळी, भाकरी, दशमी, धपाटं, थालीपीठ, घावन, आंबोळी, पानगी, मांडा, असे सगळे सपाटच. फुगून बसलेला पाव तेवढा पोर्तुगीजांबरोबर नाव घेऊन आला. तेव्हा एका शब्दाला एक शब्द शोधण्यात अर्थ नव्हता. पुस्तकातली कणीक दह्यात भिजवलेली होती, म्हणून मी ‘दह्यातली जाड पोळी’ असं लिहिलं आणि पुढे गेले.

‘ग्रिल’चं तर काहीच अडलं नाही. ग्रिल, रोस्ट, बेक, टोस्ट या सगळ्यांना आपलं ‘भाजणं’ पुरतं, आणि भाजल्यावर यायला हवा तो रंग, वास आणि कुरकुरीतपणा एकदम सांगणारा ‘खरपूस’ इंग्रजीकडे नाही. पीचला जुन्या कोशांत ‘सप्ताळू’ हा फारसीतून आलेला शब्द सापडतो, पण आज बाजारात सप्ताळू मागितलं तर फळवाला आपल्याकडेच बघत राहील. शिवाय बंगळुरूच्या मे महिन्यात पीच शोधत कोण हिंडेल? रामनगर आणि श्रीनिवासपूरचे आंबे तेव्हा शहरात येऊन पडलेले असतात. लालबागेत आंब्यांचा मेळा भरतो. हापूसला इथे ‘बदामी’ म्हणतात, आणि रसासाठी लोक ‘रसपुरी’ नेतात. रसपुरी तव्यावर टाकली की विरघळते. किंचित करकरीत बदामीच्या जाड फोडी मात्र तापलेल्या तव्यावर मिनिटभरात कडेने तांबूस होतात आणि आकार धरून राहतात. पुस्तकात पर्यायी फळ सुचवायची मुभा होती, तिथे मी बदामी लिहिला.

घोडं अडलं ते चीजवर. ‘चीज’ हा शब्द आता सर्वांना कळतो, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतात त्या डब्यातल्या पिवळ्या वड्या. इथे हवं होतं ते दूध तापवून, लिंबू पिळून, फडक्यातून गाळलेलं, न दाबलेलं, ओलसर असं काहीतरी. इटालियन लोक अशा मऊ चीजला रिकोटा म्हणतात. खरं तर त्या शब्दाचा अर्थ ‘पुन्हा शिजवलेलं’, कारण अस्सल रिकोटा चीज करून उरलेल्या पाण्यापासून होतं. घरोघरी मात्र ते अख्ख्या दुधाचंच करतात. मूळ पुस्तकात एवढंच वाक्य होतं, की दूध उकळीला आलं की आच बंद करून लिंबाचा रस घालावा आणि ते फुटू द्यावं. आणि मराठीत, निदान मी ज्या घरात वाढले तिथल्या मराठीत, दूध फुटत नाही. ते नासतं.

शेजारच्या भाषांत काय आहे ते मी पाहिलं. हिंदीत दूध फाटतं. बंगालीत ते कापलं जातं. कन्नडमध्ये ‘हालु ओडेयितु’, म्हणजे दूध मोडलं, फुटलं. या तिन्ही क्रियांत दुधाचं काहीतरी होतं, पण ते वाया गेलं असं कुणी म्हणत नाही. कापलेल्या दुधाच्या छान्यावर बंगालने आपली सगळी मिठाई उभी केली. आपल्या क्रियापदात मात्र निकाल आधीच लागलेला आहे. नासलं म्हणजे नाश झाला. उतू गेलेलं दूध शुभ, नव्या घरात ते मुद्दाम उतू घालवतात. नासलेलं दूध अशुभ. अशा भाषेत ‘दूध नासवा’ अशी आज्ञा द्यायची कशी?

संपादकांचं म्हणणं होतं ‘दूध फाडावे’ लिहा, हल्ली सगळे तसंच लिहितात. ‘नासवा’ वाचून वाचक पान उलटेल. त्यांचं चुकीचं नव्हतं. पण मला ‘फाडावे’ उसनं वाटत होतं. स्वयंपाकघरात कधी न ऐकलेलं.

कन्नडचं मला आणखी एका गोष्टीसाठी कौतुक वाटलं. खरवसाला कन्नडमध्ये ‘गिण्णु’ म्हणतात, आणि कोशात चीजलाही हाच शब्द दिलेला असतो. म्हणजे चीज नावाची परकी वस्तू दारात आली तेव्हा कन्नडने घरातल्या सर्वांत लाडक्या दुधाच्या पदार्थाचं नाव तिला दिलं. मराठीने खरवस स्वतःपाशी ठेवला आणि चीजला इंग्रजी नावानेच आत घेतलं.

वस्तू खरोखर तितकी परकी आहे का, हाही प्रश्न आहे. बंगळुरूत व्हॅलोम्ब्रोसा पंथाचे बेनेडिक्टाइन साधू मोझरेला आणि रिकोटा करतात. शहरातल्या उपाहारगृहांत ते जातं. त्यांचा पंथ अकराव्या शतकात इटलीतल्या तस्कनीत संत जॉन ग्वाल्बर्ट यांनी स्थापला. त्याच शतकात, १०२५च्या सुमारास, चालुक्यांच्या राज्यात दुसऱ्या चावुंडरायाने कन्नडमध्ये ‘लोकोपकार’ हा ग्रंथ लिहिला. त्यात वनस्पती घालून दूध फोडण्याच्या कृती आहेत. पुढच्या शतकात कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त आंबट घालून दूध फोडायचं आणि त्याच्या घट्ट भागाचा गोड पदार्थ करायचा, अशी कृती येते. ती कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आणि मांड्याचा मराठी इतिहास सांगताना आपण हाच ग्रंथ पुढे करतो. मांडा आठवणीत राहिला, त्याच पुस्तकातलं फोडलेलं दूध राहिलं नाही.

हे सगळं गोळा करून झालं तरी वाक्य काही सुचत नव्हतं. पाककृती करून पाहिल्याशिवाय मी तिचा अनुवाद देत नाही, म्हणून एका सकाळी एक लिटर घट्ट दूध तापत ठेवलं. आई गेल्या वर्षापासून आमच्याकडे असते. शहात्तर वर्षांची आहे, सगळं आयुष्य मिरजेत गेलं. मी लिंबू कापलेलं पाहून ती ओट्यापाशी आली.

“अगं, चांगलं दूध नासवतेस?”

मी म्हटलं, “पुस्तकात आहे.”

लिंबू पडलं. आधी काही झालं नाही, मग दुधात बारीक कण दिसू लागले, आणि पाहता पाहता हिरवट पिवळं पाणी वेगळं झालं. आई बराच वेळ त्याकडे पाहत होती. मग म्हणाली, “मे महिन्यात आमचं आठवड्यातून एकदा तरी नासायचं. फ्रिज कुठला? बारा वाजले की जीव धास्तावायचा.”

“मग टाकून द्यायचीस?”

“टाकून? घरात सात माणसं, दूध दीड लिटर. साखर घालून आटवायचे. वेलदोडा असला तर घालायचे. तुम्हाला वड्या द्यायचे.”

त्या वड्या मला आठवत होत्या. दाणेदार, किंचित आंबूस, तपकिरी झाक असलेल्या. त्यांना नाव नव्हतं. आम्ही विचारलं तर “आज गोड केलंय” एवढंच उत्तर मिळायचं.

“सांगितलं का नाहीस कधी?”

“नासलेलं दूध कुणी सांगत नसतं,” आई म्हणाली. “तुझ्या आजीला कळलं असतं तर दूध नीट सांभाळता येत नाही, असं झालं असतं. तुम्हाला कळलं असतं तर खाल्लं नसतंत.”

तीन आठवडे मी कोश उलटत होते, आणि शब्द का नाही याचं उत्तर माझ्या शेजारी उभं होतं. मराठी घरात फोडलेलं दूध नव्हतं असं नाही. ते होतं, दर उन्हाळ्यात होतं, आणि ज्या बायका ते करत त्यांनाच त्याचं नाव घेण्याची सोय नव्हती. नाव घेतलं की नुकसान कबूल करावं लागे, आणि त्याचा ठपका करणारीवरच यायचा. म्हणून पदार्थ ताटात आला आणि भाषेत आला नाही. राजाच्या ग्रंथात आलेली कृती आणि सुनेने झाकून केलेली कृती यांत दुधाच्या बाजूने काहीच फरक नाही.

फडक्यातून गाळून वीस मिनिटं टांगून ठेवल्यावर भरघोस वाटीभर मऊ ऐवज निघाला. मी खालचं पाणी ओतायला गेले तर आईने पातेलं धरलं. “नासकवणी टाकायचं नाही. कणीक त्यात भिजव.” दह्याऐवजी त्यातच कणीक भिजवली. पोळी आधी तव्यावर, मग जाळीवर खरपूस भाजली. आतून ती मऊ, दशमीच्या जवळची झाली. वर चीज, बदामीच्या भाजलेल्या फोडी, मध, मिरपूड. आईने मिरपूड काढून टाकली, वेलदोडा मागितला, आणि दोन तुकडे खाल्ले. आमच्याकडे आल्यापासून ती सकाळी चहावरच भागवत होती.

संपादकांना मी लिहिलं, की ‘नासवावे’ हाच शब्द राहू द्या. आपोआप होतं ते नासणं, समजून केलं ते नासवणं. मराठीत हा फरक आधीपासून आहे, तो वापरू या. हा शब्द वाचून काही वाचक दचकतील, पण ज्यांच्या घरी अशा बिननावाच्या वड्या झाल्या त्यांना आपण काय करत होतो ते कळेल. ‘फाडावे’ लिहिलं तर त्यांना वाटेल, ही कुणा दुसऱ्याची गोष्ट आहे. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. ‘नासवावे’ राहिलं.

मूळ इंग्रजीत नसलेलं एकच वाक्य त्या पानावर आहे. तेही त्यांनी ठेवलं: ‘नासकवणी टाकू नये, त्यात कणीक भिजवावी.’