अपडेटच्या आधी वाचायचं

रसायनीत वाढलेल्या माणसाला पिंपावरचं लेबल वाचायची सवय आपोआप लागते. अब्बा कारखान्यात होते. टँकर आला की आधी कागद, मग व्हॉल्व्ह, हा त्यांचा शिरस्ता. संगणकाच्या बाबतीत मात्र बहुतेक जण उलटं करतात. आधी अपडेट, आणि बिघडलं की कागद शोधायचे.

मोहोपाड्यात मोहल्ल्यातल्या मुलांसाठी आम्ही चार जुने संगणक लावले आहेत. त्यांवर डेबियन १२ होतं. शिष्यवृत्तीचे अर्जही तिथूनच भरले जातात. ९ ऑगस्ट २०२५ला डेबियन १३, म्हणजे 'ट्रिक्सी', आलं आणि मुलांना ते लगेच हवं झालं.

आम्ही आधी एक शेल फंक्शन लिहिलं. फंक्शन म्हणजे चार-पाच आज्ञा एकत्र बांधून त्यांना दिलेलं एक नाव. आमचं नाव 'आधीवाच'. बॅशला देवनागरी चालतं. ते आधी डीपीकेजीला विचारतं, या संगणकावरचं डेबियन कोणत्या आर्किटेक्चरचं आहे? मग कर्लने नव्या आवृत्तीच्या रिलीज नोट्स आणतं, त्यातल्या त्या आर्किटेक्चरबद्दलच्या ओळी ग्रेपने वर काढतं, आणि 'वाचलं' असं टाइप केल्याशिवाय पुढे जात नाही. फंक्शनला 'ॲप्ट' हेच नाव मुद्दाम दिलं नाही. सुडो फंक्शनकडे बघतच नाही, थेट मूळ प्रोग्राम चालवतो. मग पहारा पुढच्या दारात आणि ये-जा मागच्या दाराने!

तीन संगणक ठीक निघाले. चौथ्यावर उत्तर आलं, आय३८६, म्हणजे ३२ बिट. ट्रिक्सीच्या नोट्समध्ये स्पष्ट लिहिलंय की आय३८६वाल्यांनी अपग्रेड करू नये. त्यासाठी आता अधिकृत कर्नल नाही, इन्स्टॉलरही नाही. शक्य असेल तर एएमडी६४ नव्याने बसवा, नाहीतर यंत्राला निवृत्ती द्या. प्रोसेसर तपासला तर तो ६४ बिटचाच होता. मुलांच्या फाइली पेनड्राइव्हवर काढल्या आणि डेबियन नव्याने बसवलं. संगणक वाचला.

पण फंक्शन कागद समोर आणून ठेवतं, वाचत नाही. न वाचताही 'वाचलं' टाइप करता येतं. त्यात नोट्स इंग्रजीत. म्हणून आता दोन मुलं मिळून वाचतात, कामाच्या तीन ओळी मराठीत फळ्यावर लिहितात आणि बाकीच्यांना समजावून सांगतात. त्यानंतरच अपग्रेड सुरू होतं.